धुऊन धुऊन बिघडलेला वाळूचा फिल्टर

खडकवासला धरण मागे टाकून पानशेत रस्त्याला लागलं की डोणज्याच्या आसपास दोन्ही अंगांना भाताची खाचरं दिसतात. तिथल्या एका घराची ही हकिगत. पुढे पडवी, मागे गोठा, गोठ्याच्या उतारावर दगडी बांधणीची विहीर. घरात काका-काकू, मुलगा, सूनबाई आणि दुसरीतला नातू. पिण्याचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या विहिरीचंच.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुइलेन बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे, नसांवर घाला घालून हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराचे रुग्ण एकामागोमाग सापडायला लागले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू मिळाला. दूषित पाणी आणि अर्धकच्ची कोंबडी या त्याच्या पोटात शिरायच्या वाटा. अवघ्या काही किलोमीटरवर हे चाललेलं, त्यामुळे काकूंची झोप उडाली होती. मी वाळूचे फिल्टर बसवून देते हे त्यांच्या कानावर होतं. फेब्रुवारीत त्यांच्या पडवीत सिमेंटचा एक फिल्टर उभा केला.

ऑगस्टच्या सुरुवातीला सूनबाईंचा फोन आला. "ताई, फिल्टर मध्ये अगदी बंद पडल्यासारखा झाला होता. आम्ही धुतला. आता मस्त फास्ट चालतोय. पण बाळाचं पोट पंधरा दिवसांत दोनदा बिघडलं, म्हणून म्हटलं विचारावं."

तिला काळजी पोटाची होती. मला धसका बसला तो 'मस्त फास्ट' या शब्दांचा.

हा फिल्टर चालतो कसा, ते आधी सांगायला हवं. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाचे डॉ. डेव्हिड मान्झ यांनी १९९०च्या दशकात घरगुती वापरासाठी तो बेतला. सिमेंटच्या उभ्या पेटीत तळाला खडी, तिच्यावर कच आणि त्यावर साधारण ५४ सेंटिमीटर बारीक वाळू. वरून ओतलेलं पाणी भोकांच्या ताटलीतून थेंबाथेंबानं वाळूवर उतरतं, तळाशी जातं आणि भिंतीत बसवलेल्या नळीतून वर चढून बाहेर पडतं. नळीचं तोंड वाळूच्या पातळीपेक्षा जरा उंचावर असतं. त्यामुळे ओतणं थांबलं तरी वाळूवर पाच सेंटिमीटर, म्हणजे तीन बोटं पाणी उभं राहतं. त्या तीन बोटं पाण्याखाली, वाळूच्या वरच्या एक-दोन सेंटिमीटरमध्ये, सूक्ष्मजीवांचा एक थर धरतो. विहिरीतून आलेले रोगजंतू त्या थरात अडकतात, खाल्ले जातात. उरलेले काही खालच्या वाळूला चिकटतात, अंधारात उपाशी मरतात. थर पूर्ण धरायला तीस दिवसांपर्यंत वेळ लागतो.

फेब्रुवारीत मी काकूंना म्हटलं होतं, "काकू, हे विरजण समजा. रोज थोडं दूध घालायचं, फार ढवळायचं नाही, फार दिवस उपाशी ठेवायचं नाही." दोन वेळच्या ओतण्यात निदान तासाभराचं अंतर हवं आणि अठ्ठेचाळीस तासांच्या वर खंड नको, हेही सांगितलं होतं. हे त्यांनी तंतोतंत पाळलं. घोळ झाला तो मी हात घालून न दाखवलेल्या जागी.

शनिवारी, २ ऑगस्टला मी गेले. पडवीत शिरल्यावर आधी पेटी पाहिली. लख्ख. बाहेरून राखेनं घासलेली, झाकण धुतलेलं, ताटली नव्या भांड्यासारखी. काकूंच्या घरात शेगडीवर डाग राहत नाही, तर फिल्टरवर कसा राहील?

मोजमाप सुरू केलं. त्यांच्याकडे दुधाचा रतीब आहे, त्यामुळे लिटरचं ॲल्युमिनियमचं माप हाताशी होतं. पेटी काठोकाठ भरली, माप नळीखाली धरलं आणि मोबाइलवर वेळ लावली. या फिल्टरची धार मिनिटाला ०.४ लिटरच्या वर जाता कामा नये, म्हणजे लिटरचं माप भरायला किमान अडीच मिनिटं लागली पाहिजेत. फेब्रुवारीत मी भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं होतं: २ मि. ४० से. आता माप भरलं १ मिनिट १५ सेकंदांत.

मग थांबून राहिले. नळीतून शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबावंच लागतं, नाहीतर पुढचं माप खोटं येतं. ताटली उचलली आणि नातवाची पट्टी वाळूला टेकेपर्यंत पाण्यात उभी धरली. साडेअकरा सेंटिमीटर. पाचच्या जागी साडेअकरा.

पाण्याची पातळी नळीच्या तोंडानं ठरते, ती हलत नाही. तेव्हा वाळूच साडेसहा सेंटिमीटर खाली गेली होती. पेटीच्या आतल्या मापानं हिशेब केला तर जवळजवळ चार लिटर वाळू गायब. एक मध्यम पातेलंभर.

"वाळू कुठं गेली, काकू?"

"कुठं जातीय? धुतली आन् भरली की परत."

मग सगळा प्रकार उलगडला. आषाढात खाचरं भरली, विहीर काठापर्यंत आली, पाणी लाल-गढूळ झालं. तेच पाणी कळशीनं थेट फिल्टरमध्ये जात होतं. दहा-बारा दिवसांत धार बारीक झाली. सूनबाईंनी मोजली होती, लिटरला नऊ मिनिटं. काकूंनी ताटली काढली, तर वाळूवर मातकट, बुळबुळीत साय. त्यांना किळस वाटली. सासू-सुनेनं मिळून वीतभर खोलीपर्यंतची वाळू हातानं उपसली, घमेल्यात घेऊन धुण्याच्या दगडावर नेली आणि तांदूळ धुतात तशी पाणी नितळ निघेपर्यंत खळखळून धुतली. दहा-बारा पाणी झाली असतील, असं सूनबाई म्हणाली. मग ती परत भरली आणि वर पाणी सोडलं.

तांदळाच्या धुवणासारखं जे पांढुरकं पाणी दगडावरून वाहून गेलं, त्यातच फिल्टरचा जीव होता. वाळूतले बारीक कण, म्हणजे ज्यांच्यामुळे दोन कणांमधली फट चिंचोळी राहते ते, पाण्याबरोबर गेले. मागे जाडसर वाळू उरली. तिच्या फटी मोठ्या, म्हणून धार जोरात. वरच्या थराचं तर नावही उरलं नव्हतं. त्यातून वाळू कमी झाल्यामुळे वर उभं राहणारं पाणी दुपटीहून जास्त खोल झालं. थरातल्या जीवांना हवेतला प्राणवायू त्या उभ्या पाण्यातून झिरपून मिळतो. पाणी जितकं खोल, तितका तो कमी पोचतो. म्हणजे नवा थर धरायलाही अडचण. धार जोरात झाली म्हणून घरात आनंद झाला होता, आणि तीच बिघाडाची सगळ्यात ठळक खूण होती. धार मंदावली तर माणसाला संशय येतो. वाढली तर कोणालाच येत नाही.

हा दोष मी काकूंच्या पदरात टाकणार नाही. फिल्टर साफ कसा करायचा ते मी फेब्रुवारीत नुसतं तोंडी सांगितलं होतं. तेव्हा वाळू नवी, धार चांगली; हात घालून दाखवण्यासारखं काही नव्हतं. आयुष्यभर भांडी लख्ख ठेवलेल्या बाईला 'साफ करा' म्हटल्यावर ती जे करेल तेच काकूंनी केलं.

निघताना एच-टू-एस कुपी लावली. ही छोटी बाटली असते. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरून उबदार जागी ठेवायची; दोन दिवसांत काळी पडली, तर त्या पाण्यात विष्ठेतून आलेल्या जंतूंचा दाट संशय घ्यायचा. ती नळीच्या पाण्यानं भरली आणि चुलीजवळच्या फळीवर ठेवली. रविवारी संध्याकाळी सूनबाईंचा फोन: शाईसारखी काळी. पिण्याचं पाणी खळखळून उकळायला मी शनिवारीच सांगितलं होतं. ते आता पुढचे कित्येक दिवस चालणार हे दिसत होतं.

पण हिशेब मला पुरता पटत नव्हता. वाळू धुऊन तीन आठवडे झाले होते. कमी वाळूत, खोल पाण्याखाली का होईना, थर थोडाफार धरायला हवा होता. शनिवारी वाळू हाताला कोरी लागली, नदीच्या पात्रातल्यासारखी.

मंगळवारी पुन्हा गेले. सहज म्हणून विहिरीच्या पाण्यात ओटीचे, म्हणजे क्लोरीन असला तर पाणी पिवळं करणाऱ्या ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले. शनिवारीही टाकले होते, तेव्हा रंग आला नव्हता. आता पाणी हळदीसारखं पिवळं झालं. क्लोरीन, आणि तोही भरपूर.

"काका, विहिरीत टीसीएल, ब्लीचिंग पावडर, टाकता का?"

"टाकतो की. ग्रामपंचायतीतनं पुडी मिळती. पाऊस लागल्यापास्नं दर सोमवारी, आंघोळ उरकली की. काल श्रावणी सोमवार, टाकून मगच देवळात गेलो."

गाठ सुटली. सोमवारी टीसीएल विहिरीत, मंगळवारपर्यंत क्लोरीनचं पाणी फिल्टरमध्ये, आणि वाळूवर जे काही नव्यानं धरत होतं ते मेलं. गुरुवार-शुक्रवारपर्यंत विहिरीतला क्लोरीन संपायचा, खाचरातलं आणि गोठ्याच्या उतारावरचं पाणी विहिरीत झिरपतच होतं. म्हणजे आठवड्याचे तीन-चार दिवस पाण्यात क्लोरीन नाही आणि वाळूवर थरही नाही. दोन्ही उपाय चांगले, पण एकमेकांच्या वाटेत आलेले. नुसता टीसीएल रोज योग्य मात्रेत पडला असता, तर घर बऱ्यापैकी सुरक्षित राहिलं असतं. नुसता फिल्टर नीट चालला असता, तरी पुष्कळ भागलं असतं.

काका थोडे दुखावले. "सरकारी डॉक्टर सांगत्यात औषध टाका, तुम्ही म्हणताय फिल्टर मरतो. ऐकायचं कुणाचं?"

दोघांचंही ऐका, फक्त क्रम बदला, असं मी सांगितलं. आधी वाळू, मग क्लोरीन. फिल्टरमध्ये जाणाऱ्या पाण्यात क्लोरीन नको. गाळून निघालेल्या पाण्यात तो जरूर हवा, कारण वाळूचा फिल्टर सगळे जंतू कधीच अडवत नाही. जिवाणू बहुतांशी अडतात, जिआर्डियासारखे मोठे परजीवी जवळपास सगळेच अडतात, विषाणूंची मात्र तितकी खात्री देता येत नाही. शिवाय पाण्यात विरघळलेलं काहीच तो काढत नाही: क्षार, खतातलं नायट्रेट, यातलं काही नाही. पातेल्याला बसणारी पांढरी खपली फिल्टरनंतरही बसणारच.

"पण नुसत्या वाळूवर एवढा भरवसा?" काकांचा पुढचा प्रश्न. त्यांना मी १८९२ सालची हॅम्बुर्गची पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ सांगितली. हॅम्बुर्ग आणि आल्टोना ही तेव्हा जर्मनीतली खेटून वसलेली दोन शहरं, दोघांचं पाणी एल्ब नदीचं. आल्टोना तर नदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बुर्गची घाण पोटात घेतलेलं पाणी त्याच्या वाट्याला. पण आल्टोना ते पाणी वाळूच्या संथ गाळणीतून घेत होतं आणि हॅम्बुर्ग तसंच पीत होतं. हॅम्बुर्गमध्ये आठ हजारांहून जास्त माणसं मेली. आल्टोना बऱ्याच अंशी वाचलं. जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी सीमेवरचे रस्ते तपासले, तेव्हा रस्त्याच्या एका बाजूला पटकी आणि दुसऱ्या बाजूला जवळपास काहीच नाही, असं दिसलं. काका बराच वेळ विहिरीकडे बघत बसले. मग म्हणाले, "म्हंजे वाळू संथ पायजे."

तेच. संथ.

टीसीएल टाकायची त्यांची पद्धतही सुधारून घेतली. ते मूठभर पावडर तशीच विहिरीत फेकायचे. हजार लिटर पाण्याला चांगल्या प्रतीची साधारण अडीच ग्रॅम पावडर लागते, त्यासाठी विहिरीतलं पाणी मोजावं लागतं. तो हिशेब नातवाकडून वहीत करून घेतला. पावडर बादलीत कालवायची, चुना तळाला बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडायची आणि दोरानं खालीवर हलवायची. खालचा चुना विहिरीत टाकायचा नाही, त्यानं पाणी आणखी जड होतं. नंतर तासभर थांबायचं.

फिल्टरसाठी पडवीत दोनशे लिटरचं एक झाकणाचं पिंप ठेवलं. रविवारी संध्याकाळी, टीसीएलच्या आधी, ते विहिरीतून भरून घ्यायचं आणि पुढचे दिवस फिल्टरला त्यातलंच पाणी घालायचं. ते संपलं, तर विहिरीच्या पाण्यात ओटीचा थेंब टाकून रंग येत नाही याची खात्री करूनच नवं भरायचं. पिंपानं दुसरंही काम केलं: गाळ तळाला बसायला लागला. पाणी फिल्टरला घालण्याइतकं नितळ आहे का हे ओळखायची सोपी युक्ती आहे. दोन लिटरची पारदर्शक बाटली पाण्यानं भरायची, जमिनीवर पसरलेल्या कॅलेंडरच्या तारखेच्या मोठ्या आकड्यावर उभी करायची आणि वरून तोंडातून आत बघायचं. आकडा दिसला तर चालेल. नाही दिसला तर गढूळपणा साधारण ५० एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) वर आहे, आणखी थांबायचं किंवा तुरटी फिरवायची. हे काम नातवानं आपण होऊन स्वतःकडे घेतलं.

राहिली वाळू. फेब्रुवारीत उरलेली पिशवीभर वाळू मी काकूंकडे ठेवली होती. ती तुळशी वृंदावनात गेली होती. म्हणून नवी करावी लागली. नदीची वाळू मी घेत नाही, तिच्यात माती आणि मैला किती असेल याचा भरवसा नाही. बांधकामाच्या यार्डातून क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू आणली, काळ्या दगडाचीच. इंचात चोवीस भोकं असलेल्या जाळीतून ती कोरडी चाळली, म्हणजे ०.७ मिलिमीटरहून मोठा कण राहिला नाही. मग धुणं आलं, आणि इथे मी काकूंनाच पुढे बसवलं.

थोडी वाळू घमेल्यात, तिच्यावर पाणी, हात फिरवून गढूळ पाणी ओतून दिलं. असं तीन-चार वेळा झालं की मूठभर वाळू काचेच्या बरणीत घ्यायची, वर स्वच्छ पाणी, झाकण लावून बरणी गरगर फिरवायची आणि खाली ठेवून तीन-चार सेकंद मोजायचे. तेवढ्यात पाण्यातून वाळूचा पृष्ठभाग जेमतेम दिसला पाहिजे. अजिबात दिसला नाही तर आणखी एक पाणी. आणि काचेसारखं स्वच्छ दिसलं तर वाळू जास्त धुतली गेली, ती बाजूला ठेवायची. चौथ्या पाण्याला काकूंच्या बरणीत पृष्ठभाग धुक्यातल्या रस्त्यासारखा दिसला. त्यांचा हात पाचव्या पाण्याकडे गेला. मी नुसती बघत राहिले. त्यांनी हात मागे घेतला.

"एवढं मळकट ऱ्हाऊ द्यायचं?"

"एवढंच."

गुरुवारी, ७ ऑगस्टला पेटीत आधी पाणी भरलं आणि मग वाळू सोडली. कोरड्या जागेत ओतली तर कणांमध्ये हवा अडकते. तळहातानं सपाट केली, थेंब थांबेपर्यंत वाट पाहिली, पट्टी धरली: पाच सेंटिमीटर. धार २ मिनिटं ५० सेकंद.

काकूंची सगळी घाई गणपतीसाठी होती. २७ ऑगस्टला गणपती, ३१ला गौरी, घर पाहुण्यांनी भरणार. मी कॅलेंडर दाखवलं: महिना भरतो तो ६ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीला. तोवर गाळलेलंही उकळूनच. त्या नाराज झाल्या, पण गौरीजेवणालासुद्धा उकळलेलंच पाणी दिलं, हे सूनबाईंनी नंतर सांगितलं.

वाळू भरली त्याच दिवशी साफसफाईचा धडाही हात घालून दिला. चालू फिल्टर ढवळायचा नव्हता, म्हणून बादलीत वीतभर वाळू, वर चिखलाचं पाणी. सूनबाईंचा तळहात वाळूवर जेमतेम टेकवला आणि हलकेच गोल फिरवायला लावला. बोटं रुतवायची नाहीत, वाळू खालीवर करायची नाही. वरची साय फक्त पाण्यात उठवायची. पाणी गढूळलं की वाटीनं अलगद काढून झाडाला. वाळू बाहेर येता कामा नये. सपाट करायचं, ताटली ठेवायची, पाणी भरायचं, धार मोजायची. सुधारली नसेल तर पुन्हा एकदा. आणि हे कधी करायचं? धार घराला पुरेनाशी झाली तरच. साय दिसते म्हणून नाही.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दोन कुप्या लावल्या: एक नळीच्या पाण्याची, एक स्वयंपाकघरातल्या माठाच्या पाण्याची. दोन दिवसांनी नळीची होती तशीच. माठाची काळी. फिल्टर बरा झाला होता आणि पाणी चार पावलांवर पुन्हा बिघडत होतं. माठात दिवसभर प्याले बुडत होते, प्याल्याबरोबर बोटं. पिण्यासाठी तोटीचा माठ आणला. जुन्या माठासाठी काकूंनी माळ्यावरचं सासूबाईंचं लांब दांड्याचं पितळी ओगराळं काढलं. गाळलेल्या पाण्यात क्लोरीनचे थेंब घालणं तेव्हापासून सुरू झालं. पुढच्या कुपीचा रंग बदलला नाही.

दिवाळी झाल्यावर सूनबाईंचा फोन आला. धार सहा मिनिटांवर गेली होती. तिनं स्वतः हात फिरवला, दोन वाट्या-दोन वाट्या करत गढूळ पाणी काढलं, वाळू एक कणही बाहेर आली नाही. पाणी तीन बोटं. माप २ मिनिटं ४५ सेकंदांत भरलं. उरलेली नवी वाळू पडवीतल्या खुंटीवर पिशवीत आहे, तुळशीला दिलेली नाही.

मग तिनं विचारलं, "आता परत किती दिवस उकळू?"

पंधरा दिवस, आणि मग कुपी लावू, असं ठरलं.